उलटा उमटलेला बालाघाट

धारूरच्या पेठेत भांड्यांची दुकानं चार-पाच होती, पण नाव टाकून घ्यायला लोक सिद्धेश्वर आप्पांकडंच यायचे. घागर दुसऱ्या दुकानातून घेतलेली असली तरी आप्पांना त्याचं काही वाटत नसे. मांडीवर गोणपाटाची घडी, तिच्यावर आडवी निजवलेली घागर, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात बोटाएवढी हातोडी, आणि कपाळावर सकाळी लावलेली विभूतीची पट्टी घामानं थोडी पुसलेली. असे ते दुकानाच्या उंबऱ्यालगत बसलेले असत आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा केदारनाथ असे. स्टीलच्या भांड्यांसाठी केदारनाथनं विजेवर चालणारं यंत्र आणलं होतं, तेही आप्पा वापरत. तांब्या-पितळेवर मात्र छिन्नीच.

नाव टाकताना आप्पांचं तोंड मोकळं असायचं. त्यामुळं समोर भांडी घेऊन बसलेल्या माणसाला ते एकच प्रश्न विचारायचे.

“लेक कुठं दिली?”

मग तो माणूस गाव सांगायचा. ते गाव घाटावर की घाटाखाली, तिथं जायला कुठं उतरावं लागतं, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे सगळं ओघानं यायचं. पाणी लांब असेल तर आप्पा म्हणायचे, “मग ही घागर कशाला देताव, वजनानंच पोरीची मान मोडंल. बारकी घ्या.” आपली विक्री कमी झाली तरी चालेल, असा त्यांचा व्यवहार होता आणि केदारनाथला तो पटत नसे.

एवढ्या वर्षांत आप्पांनी जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्या गावांची नावं कानांनी ऐकली होती. डोळ्यांनी मात्र फार थोडी गावं पाहिली होती. माल आणायला लातूर, कधी परळी, कामापुरतं बीड. बायको उमाबाईंचं माहेर धर्मापुरी, तिथं वर्षातून दोनदा जाणं व्हायचं. मुलगी प्रणिता पुण्याला एका संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करायच्या कामाला लागली, तेव्हा तिची खोली बघायला एकदा पुणं झालं. तिकडून आल्यावर आप्पा उमाबाईंना म्हणाले होते, “लई मोठं हाय गाव. पण कुणी कुणाला कुठलं हाय म्हणून विचारत न्हाई.”

दिवाळी होऊन गेल्यावर, थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुकानासमोर एक जीप थांबली आणि दिंद्रुडच्या वनमालाबाई उतरल्या. त्यांच्या मागून ड्रायव्हर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, सपाट, दोन्ही हातांनी धरून आला. वनमालाबाईंचे यजमान विजयसिंह हे दिंद्रुडचं मोठं प्रस्थ. जमीन भरपूर, एके काळी जिल्हा परिषदेत होते, साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर होते. भाषणाला उभे राहिले की समोरच्या गर्दीतल्या माणसांना नावानं हाक मारायचे, अशी त्यांची ख्याती. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत येऊन परत फिरायचा.

“आप्पा, ह्याची चौकट वाळवीनं खाल्ली होती,” वनमालाबाई बसत म्हणाल्या. “नवी करून घेतली. आता खाली पितळेची पट्टी बसवायची म्हणते, नाव लिहिलेली.”

“काय नाव टाकायचं?”

“तेच तर मला ठाऊक न्हाई. साहेबांनी आणला होता. कारखान्याच्या दौऱ्यात परदेशी गेलते ना, ऊस अन ठिबक बघायला, तवा. लोकांनी अत्तरं आणली, घड्याळं आणली. ह्यांनी हा कागद आणला. कावून आणला ते मी तवा विचारलं न्हाई, अन आता विचारून उपयोग न्हाई.”

ड्रायव्हरनं चादर सोडली. काचेआड एक जुना, चहाच्या रंगाचा नकाशा होता. आप्पांना पहिल्यांदा तो नकाशा आहे हेच कळलं नाही, कारण त्यांना आधी दिसली ती जहाजं. फुगलेल्या शिडांची, एकमेकांवर तोफा डागणारी. मग पाण्यातून डोकं काढलेला एक मासा, त्याला कुत्र्यासारखं तोंड. कोपऱ्यात पागोटं घातलेली दोन माणसं एका पडद्यासारख्या गोष्टीला धरून उभी होती आणि पडद्यावर परकी अक्षरं. या सगळ्याच्या मधोमध हिंदुस्थान होता, पण तो शाळेतल्या नकाशासारखा नव्हता. खाली जरा आखडलेला, कुणीतरी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा.

आप्पांनी खिशातून भिंग काढलं आणि काचेला नाक लावलं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. चहा आला आणि गार झाला.

“केदार,” ते शेवटी म्हणाले, “हे कुणीतरी कोरलंय रे.”

“छापलेलं दिसतंय की, आप्पा.”

“छापलंच हाय. पण छापायच्या आधी धातूत कोरलंय. ही रेघ बघ. सुरवातीला बारीक, मधे पोट, शेवटाला परत बारीक. पेनानं अशी येत न्हाई. अन कडेनं बघ, कागद चौकोनात दबलाय. पत्र्याची कड हाय ती.”

समुद्र म्हणजे नुसत्या रेघाच होत्या, केसाएवढ्या, हजारो. एका ठिकाणी, पश्चिमेच्या किनाऱ्याशी, हत्यार सटकलेलं आप्पांना स्पष्ट दिसलं. तिथं एक रेघ नको तेवढी लांब गेली होती आणि कोरणाऱ्यानं शेजारी दोन बाक देऊन तिची लाट करून टाकली होती. आप्पांनी स्वतः कितीतरी वेळा असं केलं होतं. सटकलेल्या छिन्नीचं पान करायचं, पानाला देठ काढायचा, की गिऱ्हाईक नक्षी आवडली म्हणतं.

नकाशा ठेवून जा, असं म्हणायची त्यांची इच्छा होती. पण वनमालाबाईंनी आधीच सांगून टाकलं, “आजच न्यायचाय परत. दिवसभर ह्याच्यासमोरच बसून असतात. भिंत मोकळी दिसली की त्यांना चैन पडत न्हाई.” मग केदारनाथनं मोबाइलवर फोटो काढले आणि प्रणिताला पाठवले. पट्टीचं काम पुढं ढकललं गेलं.

प्रणिताचा फोन त्याच संध्याकाळी आला. फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाही, पण अ‍ॅमस्टरडॅमचा दिसतोय, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असावा, असं ती म्हणाली. “संक्रांतीला येतेच आहे. आपण दोघं दिंद्रुडला जाऊ. मला बघायचाय तो.”

*

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बापलेक घाट उतरून तेलगावमार्गे दिंद्रुडला गेले. विजयसिंह बैठकीच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. पूर्वी या खोलीबाहेर चपलांचा ढीग असायचा, आता तिथं एकच जोड होता. आप्पांनी नमस्कार केला. विजयसिंहांनी डावा हात थोडा वर उचलला आणि तोंडातून एक आवाज काढला. त्याचा अर्थ बसा असा आहे, हे वनमालाबाईंनी सांगितलं.

प्रणितानं नकाशा खाली उतरवून घेतला, खिडकीपाशी नेला, कागद मागून-पुढून बघितला. “असली आहे,” ती म्हणाली. मग तिळगुळाची वडी हातात धरून तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

ज्यांनी हा नकाशा केला त्यांनी हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. ते आपल्या गावी बसलेले असत. जहाजं मसाला आणि कापड घेऊन परत आली, की खलाशांना विचारायचं, कुठल्या बंदरानंतर कुठलं बंदर लागलं, किती दिवस लागले. कुणा प्रवाशानं लिहून ठेवलेलं मिळालं तर ते वाचायचं. दुसऱ्या कुणी आधी नकाशा केलेला असला तर त्यातलं घ्यायचं. मग कोरणारा तांब्याच्या पत्र्यावर ते कोरायचा, पत्र्याला शाई चोळून पुसायची, ओला कागद वर ठेवून लाटाखालून, म्हणजे जड रुळाखालून, दाबून काढायचा. रंग मागाहून हातानं भरायचे.

“म्हणून बघा, किनाऱ्यावर नावांची किती गर्दी आहे,” प्रणिता म्हणाली. “जिथं जहाज लागलं तिथलं सगळं माहीत. आतलं काहीच माहीत नाही. मग आत काय काढायचं? हत्ती काढले.”

खरंच, देशाच्या पोटात दोन हत्ती आणि एक तंबू होता. डोंगर वारुळांसारखे, एकाला एक चिकटून.

“अन चुकलं तर?” आप्पांनी विचारलं.

“चुकलं तर चुकलं. हे वर बंगालच्या पलीकडं मोठं तळं दिसतंय ना? त्यातून चार नद्या निघतात. असं तळं नाहीच कुठं. पण एकानं काढलं, त्याचं बघून दुसऱ्यानं काढलं. शेदोनशे वर्षं ते नकाशांवर राहिलं.”

आप्पांना ते हसण्यासारखं वाटलं नाही. “कुणीतरी कुणाला तरी सांगितलं असंल,” ते म्हणाले. “सांगणाऱ्यावर भरवसा ठेवला त्यानं.” मग त्यांनी भिंगातून कोपऱ्यातला पडदा निरखला. “हे कुणाचं नाव?”

“ज्यानं छापून विकला त्याचं. कोरणाऱ्याचं नाव नाही यावर.”

“बरोबर हाय. भांड्यावर बी देणाऱ्याचंच नाव असतंय.”

विजयसिंह आरामखुर्चीतून बघत होते. आप्पांनी नकाशा उचलला आणि त्यांच्या गुडघ्यांवर टेकवून धरला. “साहेब, जगातल्या सगळ्या वस्तू सोडून हाच कावून घेतला तुमी?” त्यांनी सरळ विचारलं. हा प्रश्न आजारी माणसाला विचारू नये, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

विजयसिंहांचा डावा हात हळूहळू उठला. बोट काचेवरून घसरत हत्तींच्या डाव्या अंगाला, वारुळांच्या एका ओळीवर थांबलं. तिथं बारीक अक्षरं होती. प्रणितानं वाकून वाचलं, एकेक अक्षर जुळवत. बा, ला, गा, टे.

“बा,” विजयसिंह म्हणाले. “बा. लाघाट.”

वनमालाबाई उभ्याच राहिल्या. इतकी वर्षं त्या समजत होत्या की नवऱ्यानं हत्तींसाठी नकाशा आणला. झटका आल्यापासून “पाणी” आणि “न्हाई” याशिवाय एक शब्द विजयसिंहांच्या तोंडून नीट उमटला नव्हता.

“म्हंजी आपला डोंगर हाय यात,” आप्पा म्हणाले. “आमी राहतो तो. अन दिंद्रुड?”

“न्हाई.”

“धारूर?”

“न्हाई,” विजयसिंह म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनीच सुरू केलं. “तेल. गाव. न्हाई. माजल. गाव. न्हाई. वडवणी. न्हाई.” प्रत्येक नावाबरोबर बोट रिकाम्या कागदावर टेकत होतं. पुढंपुढं नाव तुटेनासं झालं. प्रचारात ज्या क्रमानं ते गावं फिरायचे त्याच क्रमानं ती येत होती, एकामागं एक, आणि दुसरा कुठलाही शब्द मधे येत नव्हता. थकल्यावर ते थांबले आणि डोळे मिटून बसले.

पट्टीवर काय लिहायचं ते आप्पांनी तिथंच ठरवलं. पिशवीत पितळेची पट्टी आणि छिन्नी-हातोडी होतीच. ओसरीवर बसून त्यांनी कोरलं: ‘बालाघाट आणि बाकीचा हिंदुस्थान’. विजयसिंहांना वाचून दाखवल्यावर त्यांच्या तोंडाचा चांगला अर्धा भाग हसला.

*

त्या दिवसापासून आप्पांचं दिंद्रुडला जाणं सुरू झालं. दुकान बंद असेल त्या दिवशी ते एसटी धरायचे. विजयसिंहांसमोर बसायचे आणि एखादं नाव टाकायचे, की पुढची नावं विजयसिंहांकडून येत. आप्पा सांगायचे, या गावी अमक्याची लेक दिली, तिच्या भांड्यांवर मी नाव टाकलं. विजयसिंह मान हलवायचे, म्हणजे अमका त्यांच्या ओळखीचा. कधी हात झाडायचे, म्हणजे अमक्यानं मत दिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, बोलत राहू द्या. फार आशा मात्र धरू नका.

याच काळात आप्पांच्या मनानं घेतलं की नकाशातली ती रिकामी जागा भरायची. त्यांनी तांब्याचा एक पत्रा कापला, घासून आरशासारखा केला आणि दुकानात बसल्या बसल्या कोरायला घेतला. मध्ये बालाघाटाची रांग, वर गोदावरी, आणि दोहोंमध्ये व आजूबाजूला गावं.

केदारनाथ म्हणाला, “आप्पा, मोबाइलमधे सगळा जिल्हा हाय की. घर अन घर दिसतंय. त्यात बघून काढा ना.”

“त्यात गावं हायत. कुणी सांगितली ते न्हाई त्यात.”

“कुणी सांगितली ते नकाशात कशाला पायजे?”

आप्पा पत्र्यावर वाकले. मोबाइल त्यांनी बघितला नाही. दुकानात येणाऱ्या माणसाला ते विचारायचे. तुमचं गाव आमच्यापासून उगवतीला की मावळतीला? वाटेत ओढा लागतो का? दोन गिऱ्हाइकांचं पटलं नाही, तर दोघं दुकानातच वाद घालत बसायचे. आप्पा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि मधल्या जागी ठिपका द्यायचे. उमाबाईंनी दुपारी डबा घेऊन आल्यावर एकदा पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “धर्मापुरीत देऊळ काढा. नुसता ठिपका काय देताव, एवढं जुनं देऊळ हाय आमचं.” आप्पांनी देऊळ काढलं, त्यावर शिखर काढलं. मग ते छान झालं म्हणून आणखी थोडं वाढवलं.

पत्रा पुरा झाल्यावर तो त्यांनी प्रणिताकडं पुण्याला पाठवला. तिच्या ओळखीच्या एका चित्रकाराकडं छापायचा लाट होता. पुढच्या सुट्टीत प्रणिता कागदाची गुंडाळी घेऊन आली, पण एरवीसारखी घरात शिरताच बोलायला लागली नाही. गुंडाळी उमाबाईंनीच सोडली.

“हे काय वो,” त्या म्हणाल्या. “माझं धर्मापुरी मावळतीला कुठं गेलं?”

सगळंच उलटं होतं. बालाघाटाचं उजवं टोक डावीकडं आलेलं. नावं आरशात बघितल्यासारखी. काना अक्षराच्या अलीकडं, पहिली वेलांटी दुसरीसारखी, दुसरी पहिलीसारखी. आप्पांनी जन्मभर सुलटं कोरलं होतं आणि सवयीनं याही पत्र्यावर सुलटंच कोरलं होतं. पत्र्यावरचं सुलटं कागदावर उलटं येणार, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

“मी सांगायला हवं होतं,” प्रणिता म्हणाली. “तुम्ही पत्राच भिंतीवर लावणार असं मला वाटलं होतं. मग छापून आण म्हणालात, तेव्हा उशीर झालेला.”

“तू कशाला सांगतीस. मला कळाया नको?”

 आप्पा दोनचार दिवस लोकांच्या घागरींवर नावं टाकत राहिले, पण गाव विचारलं नाही. दिंद्रुडलाही गेले नाहीत. मग एक दिवस वनमालाबाईंचा फोन आला. साहेब दाराकडं बघून आहेत, तब्येत बरी नाही का? आप्पांनी पिशवी उचलली. विजयसिंहांना त्यांनी उलटा नकाशा दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. विजयसिंहांनी तो कागद बराच वेळ बघितला. मग डाव्या हातानं त्यांनी आपला निकामी उजवा हात उचलला, आप्पांना दाखवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. चमचा धरायला, बटण लावायला ते आता डाव्या हातानं शिकत होते, असं वनमालाबाईंनी सांगितलं. आप्पा परत येताना नवा पत्रा घेऊनच आले.

या वेळी प्रणितानं त्यांना एक कोरणी पाठवली होती, लाकडी मुठीची, टोक तिरपं घासलेलं. हिला हातोडी लागत नाही. मूठ तळहातात धरायची आणि रेघ ढकलत न्यायची. वळण आलं की हत्यार नाही वळवायचं, पत्राच फिरवायचा. आप्पांची ठोकायची सवय सुटता सुटेना. तांब्याचे तुकडे वाया गेले, अंगठ्याला कोरणी लागली आणि उमाबाईंनी हळद भरता भरता विचारलं की ह्या वयात हे काय काढलंय. आप्पा समोर आरसा ठेवून बसायचे. आधी अक्षरं, मग जोडाक्षरं. ती उलटी वळणं हातात इतकी बसली की एकदा लग्नाच्या तांब्यावर त्यांनी ‘धनश्री’ उलटं टाकलं. मुलीची आई तांब्या हातात धरून गोंधळून उभी राहिली. केदारनाथनं गुपचूप दुसरा तांब्या काढून दिला आणि तो पहिला घरी पाणी प्यायला ठेवला.

नवा पत्रा अर्ध्यावर आला होता तेव्हा कडूबाई दुकानात आल्या. पेठेत सीताफळं विकायला बसणाऱ्या म्हाताऱ्या बाई. नातीच्या बाळासाठी वाटी घ्यायची होती. आप्पा काय करताहेत ते बघत त्या उभ्या राहिल्या.

“गावं काढताव म्हणं सगळी.”

“जमतील तेवढी. तुमचं कोणतं?”

“सावरवाडी.”

आप्पांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. “कुठं आली?”

“धरणात.” कडूबाईंनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. “मी लगीन होऊन गेलते तिथं. पाणी आलं तवा उठलो. काही माजलगावाकडं गेले, आमी वर आलो.”

आप्पांनी कोरणी खाली ठेवली. “मग ती आता न्हाई की, मावशी.”

“हाय ना. पाण्याखाली हाय.” कडूबाईंनी एक वाटी उचलून बघितली. “उन्हाळ्यात धरण आटलं तर देवळाचा ओटा दिसतो म्हणत्यात. मी न्हाई गेले बघायला.”

केदारनाथनं गल्ल्यावरून वर बघितलं. आप्पांनी कच्चा कागद पसरला, नदी कुठं आणि धारूर कुठं ते दाखवलं. कडूबाईंना वाचता येत नव्हतं. पण नदीच्या रेघेवर त्यांचं बोट न चुकता एका जागी गेलं.

“गावात काय होतं?” आप्पांनी विचारलं.

“सावरीचं झाड. लांबून लाल दिसायचं फुलल्यावर. त्याच्यावरूनच नाव.”

आप्पांनी धरणाचं पाणी बारीक रेघांनी भरलं होतं. त्या रेघा त्यांनी एका ठिकाणी घासून पुसल्या, तांबं मागून ठोकून वर आणलं, पुन्हा गुळगुळीत केलं आणि तिथं एक झाड कोरलं. खाली नाव, उलटं. कडूबाई ते होईपर्यंत बसून राहिल्या. वाटी घेतली आणि गेल्या.

*

दुसऱ्या खेपेचा कागद प्रणितानं आणला तेव्हा ती दारातूनच बोलत आली. बालाघाट जागच्या जागी होता. गोदावरी थोडी जास्तच वाकडी झाली होती. धारूरचा किल्ला बऱ्यापैकी साधला होता. घाटाखालची गावं एकमेकांत घुसली होती, कारण तिकडची गिऱ्हाइकं जास्त. मोबाइलशी ताडून बघितलं तर कितीतरी ठिकाणं इकडची तिकडं निघाली असती. केदारनाथनं ताडून बघितलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

आप्पा, उमाबाई आणि प्रणिता मिळून दिंद्रुडला गेले. वनमालाबाईंनी डच नकाशाशेजारी भिंतीवर खिळा मारून ठेवला होता. पण टांगायच्या आधी विजयसिंहांनी कागद मांडीवर मागितला. डाव्या हाताचं बोट घाटावरून खाली उतरलं, तेलगावाला थांबलं, पुढं गेलं. दिंद्रुड सापडलं. बोट तिथंच राहिलं आणि कपाळाला आठी पडली.

“दिंद्रुड,” ते म्हणाले, “लहान. काढलं.”

“साहेब, तिथं जागाच तेवढी उरली.”

बोट सगळा कागद ओलांडून दुसऱ्या टोकाला गेलं. तिथं शिखराचं देऊळ आणि मोठ्या अक्षरातलं नाव होतं. “धर्मापुरी. एवढं. कावून?”

आप्पांनी उमाबाईंकडं बघितलं. उमाबाईंनी पदर नीट केला आणि भिंतीकडं बघायला लागल्या.

“सासुरवाडी हाय, साहेब,” आप्पा म्हणाले.

विजयसिंह हसले. आवाज बाहेर येईपर्यंत हसले, मग खोकला आला, वनमालाबाईंनी पाणी दिलं. झटका आल्यापासून त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता, हे वनमालाबाईंना रात्री आवराआवर करताना आठवलं आणि त्यांनी ते दुसऱ्या दिवशी फोनवर उमाबाईंना सांगितलं.

आता दोन्ही नकाशे त्या खोलीत शेजारी शेजारी आहेत. दिंद्रुडात आणि आजूबाजूला बातमी पसरायला वेळ लागला नाही. साहेबांच्या बैठकीत आपलं गाव लावलंय म्हणून माणसं बघायला यायला लागली. येतात, आधी आपलं गाव शोधतात, सापडलं की त्याच्या शेजारचं शोधतात. मग विजयसिंहांसमोर बसतात, चहा घेतात. काहींना त्यांची तुटक भाषा कळते, काहींना नाही, पण उठायची घाई कुणी करत नाही.

ज्यांचं गाव नकाशात नसतं ते विजयसिंहांकडं तक्रार करतात. प्रणितानं सांगितलं होतं की अ‍ॅमस्टरडॅमचे लोकही तोच पत्रा वर्षानुवर्षं वापरायचे, नवीन काही कळलं की जुनं घासून नवं कोरायचे. आप्पांनी तेच धरलं आहे. पत्रा दुकानात गोणपाटाखाली ठेवलेला असतो. आठवड्यातून एकदोनदा दुपारच्या वेळी आप्पांचा फोन वाजतो. पलीकडं आधी श्वास ऐकू येतो, मग एखाद्या वाडीचं नाव येतं, सावकाश, पण पुरं. दुसरं काही न बोलता विजयसिंह फोन ठेवून देतात, आणि आप्पा हातातली घागर बाजूला सारून पत्रा मांडीवर ओढतात.